ऑगस्टमध्ये बेअरिंगं बदलली, डिसेंबरात पुन्हा ठोका. दोन नंबरचा कनेक्टिंग

ऊसवाला_वाळवा

नमस्कार मंडळी. ऐन हंगामात अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

घरचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, बोअर 91 मिलिमीटर, बारा वर्षं झाली. ऑगस्टमध्ये हाफ इंजिन (क्रँक न काढता लायनर-पिस्टनचं काम) करायला घेतलं होतं. उघडल्यावर क्रँकच ओरखडलेला निघाला, मग फुल केलं. लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, मेन (क्रँकची) आणि कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडची) दोन्हीकडे दहाची बेअरिंगं, म्हणजे क्रँक पाव मिलिमीटर घासून त्या मापाची. दिवाळीआधी नांगरट केली तेव्हा आवाज अगदी गोळीबंद होता. कारखाने सुरू झाल्यापासून दोन ट्रॉल्यांनी ऊस ओढतोय.

गेल्या आठवड्यापासून इंजिन गरम झालं की खालून ठोका येतो. सकाळी थंड असताना जवळजवळ नाहीच. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की टक-टक-टक असा जड आवाज येतो, परत रेस दिली की दबतो. ऑइल प्रेशरचा काटा आधी गरम इंजिनवरही हिरव्यात असायचा, आता आयडलला पार खाली बसतो. ऑइल कमी झालेलं नाही, उलट ऑइल मापायच्या काडीच्या वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे. मिस्त्रींनी थोडं जास्त घातलं असेल असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मिस्त्री म्हणतात, "चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलतो, दोन नंबरच्या बेअरिंगखाली पत्री टाकतो, संध्याकाळपर्यंत गाडी फडात." माणूस चांगला आहे, आमच्या वडिलांपासूनचा आहे. पण चार महिन्यांत बेअरिंग गेलंच कसं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही आणि ते मिळाल्याशिवाय पुन्हा खर्च करायला मन होत नाही. काय करू?

जुना_फोरमन

आधी गाडी उभी करा. ठोका वाजत असताना "ही एक खेप टाकून येतो" म्हणून गेलेले ट्रॅक्टर मी दोरीला बांधून परत आलेले पाहिलेत, ब्लॉकला खिडकी पाडून. एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं इंजिन विभागात काढली, त्या अनुभवावर सांगतो.

तुमचं वर्णन कनेक्टिंगच्या बेअरिंगचंच आहे. थंडीत वाजून गरम झाल्यावर कमी होतो तो पिस्टनचा आवाज. याचं उलटं असतं: ऑइल तापून पातळ झालं की बेअरिंग बोलायला लागतं. आणि रेस सोडताना वाजतं, कारण दाब निघाला की रॉड मोकळा होतो आणि क्रँकच्या पिनवर (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो तिथे) आदळतो.

कुठला सिलिंडर ते नक्की करा. इंजिन गरम, आयडलच्या जरा वर. एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा-पाऊण आटा सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटेल. ज्याचा नट सैल केल्यावर ठोका मरतो किंवा बदलतो, तो आपला आजारी. नटावर जाड फडकं गुंडाळा, तोंड लांब ठेवा, बोट जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि बोट कापायची पाळी येते.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना: ही चाचणी जुन्या पद्धतीच्या पंपाची. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून सतत मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या) गाडीत चालू इंजिनवर पाइप सैल करायचा नाही म्हणजे नाही. तिथे दाब हजार बारच्या पुढचा असतो.

मायक्रॉन

फोरमनकाका ठोक्याबद्दल सांगतायत ते बरोबरच आहे, पण दादा, तुमच्या लिखाणातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. "ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे."

चार महिने काम केलेल्या इंजिनात ऑइल थोडं कमी व्हायला हवं. ते वाढलं, याचा अर्थ त्यात काहीतरी मिसळतंय. पाणी किंवा डिझेल. पाणी असतं तर ऑइल ताकासारखं पांढरट झालं असतं, ते तुमच्या नजरेतून सुटलं नसतं. तेव्हा डिझेल.

आत्ता करून पाहा. काडी काढून वास घ्या. मग ऑइलचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका आणि तासभर सपाट ठेवा. चांगल्या ऑइलचा काळा डाग आणि भोवती थोडी तेलकट कड दिसते. डिझेल मिसळलं असेल तर काळ्या डागाच्या बाहेर फिकट, पारदर्शक असं मोठं कडं पसरत जातं. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण फसवत नाही.

मी ऑइल तपासणीच्या कामात आहे, म्हणून आकडे सांगते. 15डब्ल्यू-40 ऑइलची दाटी 100 अंशाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक असावी लागते. आपल्याकडच्या डिझेलची दाटी 40 अंशालाच 2 ते 4.5. पेट्रोल निदान उडून तरी जातं, डिझेल ऑइलमध्येच राहतं. पिन आणि बेअरिंगच्या मध्ये जो तेलाचा पापुद्रा असतो तो भाराखाली काही मायक्रॉनचाच असतो. 91 च्या बोअरवर जळताना 80 बार दाब धरला तरी पिस्टनच्या डोक्यावर पाच टनांहून जास्त भार येतो, आणि तो सगळा त्या पापुद्र्यावर. पातळ तेल हा भार पेलू शकत नाही. प्रेशरचा काटा खाली बसला तो याच कारणाने असणार.

ऊसवाला_वाळवा

ताई, थेंब टाकला. काळा डाग रुपयाएवढा आणि बाहेरचं कडं चहाच्या बशीएवढं झालं. वासही येतोय. वडील म्हणाले, "ऑगस्टच्या आधी वर्षभर ऑइल घालावं लागलं नव्हतं." आम्हाला वाटायचं इंजिन ऑइल खात नाही, चांगलं आहे.

फोरमनकाका, नट सैल करून पाहिले. दोन नंबरचा सैल केला की ठोका एकदम बसतो. एक आणि तीनला फरक नाही.

जुना_फोरमन

मग ऑगस्टमध्ये क्रँक ओरखडला होता तोही याच रोगाने. रोग तसाच ठेवून बेअरिंग बदललंत. तुमच्या ट्रॅक्टरला फीड पंप कसला आहे? ब्लॉकला बोल्ट केलेला, आत पडदा असलेला, खाली हाताने डिझेल उचलायची पट्टी?

ऊसवाला_वाळवा

होय, तसाच. बाजूला ब्लॉकवर.

जुना_फोरमन

पडदा फाटला असणार. तो पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्याची मागची बाजू थेट ब्लॉकमध्ये उघडते. पडद्याला चीर गेली की डिझेल बाहेर जमिनीवर पडत नाही, आत चेंबरमध्ये उतरतं. त्यामुळे कुणाला दिसत नाही. गाडी चालू होते, डिझेल इंजेक्शन पंपाला पुरतं, तक्रार काहीच नाही. पंप काढा, पट्टी हलवा आणि मागच्या बाजूने ओल येते का बघा. काही पंपांना खाली बारीक भोक असतं, तिथूनही गळतं.

ज्यांच्याकडे हा पंप नाही त्यांनी इंजेक्टर गळतो का ते पाहावं. मुतणारा इंजेक्टर सिलिंडरच्या भिंतीवरून डिझेल खाली सोडतो. इंजेक्शन पंपाचं सीलही असू शकतं.

बांधावरची

मी निफाडची. द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर स्वतः चालवते, पण इंजिनचं आतलं फारसं कळत नाही. एक विचारू? मिस्त्री म्हणाले ती पत्री म्हणजे नेमकं काय? आमच्याकडेही हा शब्द ऐकलाय आणि तशी गाडी वर्षभर चाललेलीही पाहिली आहे.

जुना_फोरमन

ताई, चांगलं विचारलंत. पत्री म्हणजे पत्र्याची, कधी पितळेची, कधी चक्क डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी. बेअरिंग झिजून ढिलं झालं की त्याच्या पाठीमागे ती घालतात, म्हणजे बेअरिंग पिनच्या जवळ येतं आणि ठोका थांबतो.

ही सवय कुठून आली ते सांगतो, कारण यात मिस्त्री लोकांचा अडाणीपणा नाही. आमच्या लहानपणी विहिरीवर संथ इंजिनं असायची, लिस्टर पद्धतीची, मिनिटाला 650 फेऱ्यांची. त्यांच्या मोठ्या टोकाला पांढरा धातू ओतलेला असायचा. दोन अर्ध्यांच्या सांध्यात पातळ पत्र्या असायच्या, मुद्दाम ठेवलेल्या. झीज झाली की एक पत्री काढायची, बेअरिंग पुन्हा जवळ. मग निळा रंग लावून, डाग बघत बघत, स्क्रेपरने खरवडून बसवायचं. माझे गुरू एका बेअरिंगला अख्खा दिवस घालवायचे. ते कसब खरंच होतं.

पण तिथे पत्री सांध्यात होती, पाठीमागे नव्हती. आणि आजचं बेअरिंग म्हणजे पातळ कवच. पोलादी पाठ, वर तांबं-शिसं किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचा थर, त्यावर मऊ धातूचा एक शेवटचा हात. तो शेवटचा हात साधारण दोन शतांश मिलिमीटरचा. असं कवच रॉडच्या भोकात पूर्ण अंगाने टेकलेलं असलं तरच टिकतं. मागे पत्री गेली की ते एका जागी फुगतं, बाकी ठिकाणी पोकळ राहतं, तापलेली उष्णता रॉडमध्ये जात नाही. ठोका थांबतो तो पोकळी भरल्यामुळे, बेअरिंग बरं झाल्यामुळे नव्हे. वर्षभर चाललेली गाडी तुम्ही पाहिलीत. मी सहा तासांत बेअरिंग फिरलेली पाहिली आहे.

उद्यमनगरी

कोल्हापुरातून. क्रँक ग्राइंडिंगचा व्यवसाय, वडिलांच्या वेळेपासून. फोरमनसाहेबांच्या बोलण्याला जोडून एक गोष्ट सांगतो, जी आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या निम्म्या जणांना नवी वाटते.

अर्धं कवच रॉडच्या टोपीत (रॉडच्या मोठ्या टोकाचा सुटा होणारा अर्धा भाग) बसवलं की त्याची दोन्ही टोकं टोपीच्या कडेपेक्षा केसभर वर राहतात. नवखा माणूस म्हणतो, बेअरिंग मोठं आलं, आणि कानस घेऊन कडा घासतो. तो केसभरच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. टोपी आवळली की दोन्ही कवचं एकमेकांवर दाबली जातात आणि भोकात घट्ट धरून बसतात. त्या धरण्यावरच बेअरिंग जागेवर राहतं. ती छोटी जीभ असते ना कवचाला, ती फक्त बसवताना जागा दाखवायला. फिरणं थांबवायची ताकद तिच्यात नसते. कडा घासली किंवा टोपी घासली की पकड गेली, मग कवच भोकात फिरतं, तेलाचं भोक झाकतं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ऊसवाले दादा, चेंबर उघडाल तेव्हा जुन्या बेअरिंगचे फोटो टाका. दोन्ही बाजूंचे. पाठीचे सुद्धा.

ऊसवाला_वाळवा

उघडलं. आमचा चेंबर बिडाचा आहे आणि पुढचा एक्सल त्यालाच बोल्ट केलेला, त्यामुळे आधी ट्रॅक्टर घोड्यांवर (टेकूंवर) घेऊन पुढची बाजू सोडवावी लागली. दीड दिवस त्यातच गेला. मिस्त्रींना इथलं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चला, मग नीटच करू." 

फीड पंप काढला. पडद्याला कडेला, जिथे तो दोन झाकणांमध्ये चिमटला जातो तिथेच, नखाएवढी चीर. पट्टी हलवली की मागून डिझेलचा थेंब फुगून येतो.

ऑइल सात लिटर घातलं होतं, मोजून काढलं तर साडेआठ लिटर भरलं. पातळ इतकं की बोटांच्या चिमटीत धरल्यावर तार येत नव्हती.

आता बेअरिंगं. फोटो चढत नाहीयेत, शब्दांत सांगतो. एक आणि तीन नंबरची वरची कवचं, म्हणजे रॉडच्या बाजूची, राखाडी आहेत, मधोमध चमकतात, नख अडकेल असा ओरखडा नाही. खालची त्याहून बरी. दोन नंबरचं वरचं कवच मात्र मधल्या भागात तांब्याच्या रंगाचं झालंय, आणि एका जागी उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडतात तसे पोपडे सुटलेत. एक पोपडा चाळणीत सापडला. नेमकी त्याच जागी पाठीवर काळी खूण आहे, आणि त्या काळ्यात बारीक लोखंडी कीस चेपून बसलाय. मिस्त्रींनी तो सुईने काढला. तांदळाच्या कणीच्या निम्म्याएवढा असेल.

उद्यमनगरी

हे वर्णन फोटोपेक्षा चांगलं आहे. कवच वाचता आलं पाहिजे, डॉक्टर जीभ बघतो तसं. तुमची तीन कवचं तीन गोष्टी सांगतायत.

वरचं कवच जास्त झिजलं हे स्वाभाविक. जळण्याचा दणका रॉडमधून खाली येतो, तो वरच्या अर्ध्यावर बसतो. मेन बेअरिंगमध्ये उलट, तिथे खालचा अर्धा मार खातो. तिन्ही ठिकाणी मधला भाग घासला गेलाय तो पातळ ऑइलमुळे. पण एक आणि तीन टिकली, दोन मेलं, कारण त्या किसाने कवच मागून उचललं होतं. नेमकी त्या फुगवट्यावर पाच टनांचा दणका मिनिटाला हजार वेळा. म्हणजे पत्री टाकायच्या आधीच तिथे एक नको असलेली पत्री होती.

इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. कवचावर बारीक समांतर ओरखडे आणि रुतलेले चमकते कण म्हणजे घाण, फिल्टर किंवा धुलाई कमी पडली. एका कवचाची डावी कड आणि समोरच्याची उजवी कड झिजली, तर रॉड वाकलाय. पूर्ण पाठ आरशासारखी चमकते म्हणजे कवच भोकात हलत होतं. सगळीकडे देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे म्हणजे ऑइलमध्ये आम्ल किंवा कूलंट गेलंय, लायनरच्या रबरी रिंगा तपासा. कारण शोधल्याशिवाय नवं कवच घालणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेला लावणं.

पिनची मापं घेतलीत का?

ऊसवाला_वाळवा

शेजारच्या गावातल्या लेथवाल्याने मायक्रोमीटर घेऊन येऊन घेतली. ऑगस्टमध्ये दहाला घासल्यावरचं माप 56.86 होतं. एक आणि तीन नंबर आता कुठूनही 56.85. दोन नंबर आडवी 56.85, उभी 56.79. प्लास्टिगेजची लाल दोरीही मिळाली (पिन आणि कवचामध्ये चेपून मधली मोकळीक मोजायची). पुस्तकात मोकळीक 0.05 ते 0.08 दिलीय. एक नंबरला 0.07 आली. दोनला 0.13.

दोन नंबरलाच फक्त नवीन दहाचं बेअरिंग टाकून चालेल का? हंगाम आहे म्हणून विचारतोय.

मायक्रॉन

प्लास्टिगेज कसं घेतलंत ते सांगाल का? पिन आणि कवच पूर्ण कोरडं पुसलं होतं? आणि टोपी आवळल्यावर क्रँक जरासुद्धा फिरवला नव्हता ना? फिरला तर दोरी फासली जाते आणि मोकळीक आहे त्यापेक्षा कमी वाटते.

ऊसवाला_वाळवा

कोरडं पुसलं होतं. पहिल्यांदा क्रँक हलला, म्हणून ती पट्टी फेकून पुन्हा घेतली. टॉर्क पान्याने आवळून.

उद्यमनगरी

0.06 चा अंडाकार. चालणार नाही. अशा पिनवर गोल बेअरिंग घातलं तर एका दिशेला बरोबर बसेल, दुसऱ्या दिशेला ठोकेल. पिना वीसला न्याव्या लागतील, म्हणजे स्टँडर्डपासून अर्धा मिलिमीटर कमी. तिन्ही एकदम. एकाच क्रँकवर एक पिन वीसची आणि दोन दहाच्या ठेवता येतात, पण पुढच्या वेळी जो उघडेल त्याचा घात होतो. मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे टेकतो ते भाग) बरे असतील तर त्यांना हात लावू नका.

क्रँक आणताना काय आणायचं: तिन्ही रॉड टोप्यांसकट, आणि वीसची नवी बेअरिंगं आधीच. बेअरिंग रॉडमध्ये बसवून, पूर्ण टॉर्कने आवळून आतलं माप घेतो, मग पिन त्या मापाला घासतो. डब्यावरच्या आकड्यावर विसंबून घासत नाही. दोन नंबरच्या रॉडचं भोक कवचाशिवाय आवळूनही बघणार, कारण ते तापलंय आणि अंडाकार झालं असू शकतं.

दुसरं, तुमच्या क्रँकला नायट्रायडिंग (पृष्ठभाग कठीण करायची प्रक्रिया) आहे का ते कंपनीच्या पुस्तकात बघा. तो कठीण थर फारच पातळ असतो, घासला की निघून जातो, मग पुन्हा नायट्रायडिंग करावं लागतं. इंडक्शनने कठीण केलेली पिन असेल तर थर दोन-तीन मिलिमीटर खोल असतो, वीसला काही होत नाही.

तिसरं मी न सांगता करतो, पण तुम्ही प्रत्येक ठिकाणी सांगून करून घ्या: क्रँकच्या आतल्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवणे. घासताना उडालेला कीस तिथे दडून बसतो आणि पहिल्या अर्ध्या तासात थेट नव्या बेअरिंगवर येतो. तुमच्या दोन नंबरमागचा कीस कुठून आला हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तो स्वच्छ जागेत आला नव्हता. आणि पिनच्या दोन्ही कोपऱ्यांची गोलाई कायम राहिली पाहिजे. चौकोनी कोपरा केला की क्रँक तिथूनच तडकतो.

दर्यावर्दी

धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहायला वेळ मिळाला. मी जहाजावर इंजिनियर, गाव रत्नागिरीकडे. आमच्या जनरेटरची इंजिनं चार-स्ट्रोक डिझेलच, तुमच्याच भावकीतली, फक्त रॉड उचलायला चेन ब्लॉक लागतो.

बोल्टबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून हे. कनेक्टिंगचे बोल्ट पुन्हा तेच लावू नका, दादा. आमच्याकडे बेअरिंग चांगलं दिसत असलं तरी ठरलेल्या तासांनंतर बोल्ट बदलतातच, आणि जुने बोल्ट कुणी चुकून वापरू नये म्हणून कापून टाकतो.

बरेच जण समजतात की बोल्टवर ताण जळण्याच्या दणक्याने येतो. तसं नाही. दणका रॉडला खाली दाबतो, तेव्हा बोल्ट जवळजवळ निवांत असतात. त्यांची खरी परीक्षा एक्झॉस्टच्या शेवटी होते. पिस्टन सुसाट वर गेलेला असतो, वर त्याला अडवायला हवेचा दाब नसतो, आणि त्याला खेचून खाली आणायचं काम फक्त टोपी आणि दोन बोल्ट करतात. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेऱ्या दीडपट झाल्या तर ताण सव्वादोन पट.

आता तुमच्या उताराचा विचार करा. मागे दोन ट्रॉल्या ऊस, खालचा गिअर, ॲक्सिलेटर सोडलेला. इंजिन ट्रॅक्टरला ओढत नसतं, ट्रॉल्या इंजिनाला फिरवत असतात. गव्हर्नर (पंपातला फेऱ्या ताब्यात ठेवणारा भाग) डिझेल तोडू शकतो, फेऱ्या थांबवू शकत नाही. त्या क्षणी डिझेल नाही, भार नाही असं वाटतं, पण बोल्टवर सगळ्यात जास्त ताण तेव्हाच असतो. ढिलं बेअरिंग असेल तर त्यात ठोक्याचीही भर. उतारावर वेग ब्रेकने आधीच मारा, इंजिन किंचाळू देऊ नका.

आवळतानाही शिस्त: आटे आणि नटाखालची बैठक स्वच्छ, पुस्तकात सांगितलं असेल तर हलकं तेल, दोन-तीन टप्प्यांत, आलटून पालटून. अंगाच्या अंदाजाने नाही.

बांधावरची

उताराचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे घाट नाही, पण बाजार समितीच्या वाटेवर एक उतार आहे. आभार.

ऊसवाला_वाळवा

सात दिवसांनी लिहितोय. या मधल्या काळात शेजाऱ्यांनी आमचा ऊस नेला, त्यांचे उपकार.

क्रँक वीसला घासून आणला. दोन नंबरच्या रॉडचं भोक थोडं बसलं होतं, तेही मशीनवर गोल करून घेतलं. प्लग काढून वाटा धुतल्या. फीड पंप नवीन. बोल्ट नवीन.

बसवताना मिस्त्री, मी आणि वडील तिघं होतो. आदल्या रात्री शेड झाडून, पाणी मारून ठेवली, कारण धुळीत हे काम करायचं नाही असं मिस्त्रींनीच ठरवलं. बायकोने जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे दिले, धागे न सुटणारे. कवचाची पाठ आणि रॉडचं भोक कोरडं ठेवलं, तेल फक्त पिनच्या बाजूला. अंगठ्याने दाबल्यावर प्रत्येक कवच "कट्" करून बसलं. रॉड आणि टोपीवरचे आकडे एकाच बाजूला, दोन्ही जिभा एकाच बाजूला, तेलाचं भोक भोकासमोर. एकेक रॉड आवळून झाला की मिस्त्री क्रँक हाताने फिरवून बघायचे. दोन नंबरला तीनदा फिरवला. मोकळीक तिन्हीकडे 0.06.

फिल्टर ऑइलने भरून लावला. स्टॉपची दांडी ओढून ठेवली आणि स्टार्टर पाच-पाच सेकंद मारला. चौथ्या वेळी काटा उचलला. मग दांडी सोडली.

ठोका नाही. पाऊण तासाने गरम झाल्यावर आयडलला काटा हिरव्यात, फेऱ्या वाढवल्या की तीन किलोच्या वर. मिस्त्री बोनेटवर हात ठेवून बराच वेळ नुसते ऐकत उभे होते.

जुना_फोरमन

उत्तम काम. पहिले काही दिवस एकच ट्रॉली, आणि एकाच रेसवर तासन् तास चालवू नका. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडा आणि उन्हात धरा. काळं असू दे, चमकतं काही असता कामा नये.

मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. चाळीस वर्षांची सवय एका दिवशी बाजूला ठेवणं सोपं नसतं.

मायक्रॉन

आणि काडी रोज सकाळी, थंड इंजिनवर, सपाट जागेवर. कमी झालंय का हे सगळे बघतात, तुम्ही वाढलंय का हेही बघा. पन्नास तासांचं ऑइल काढाल तेव्हा एक थेंब पुन्हा कागदावर टाका आणि इथे कळवा.

ऊसवाला_वाळवा

बावन्न तास झाले. फिल्टर कापला, कागद उलगडला. पहिल्या घडीत राखाडी भुकटी होती, चमकतं काही नाही. सात लिटर घातलं होतं, पावणेसात निघालं. थेंबाभोवतीचं कडं अर्ध्या बोटाच्या आत थांबलं. तो कागद आणि दोन नंबरचं जुनं कवच मिस्त्रींनी मागून नेलं, त्यांच्या गॅरेजच्या फळीवर ठेवलंय. परवा दुसऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला ते कवच उलटं करून पाठीची काळी खूण दाखवत होते.